पुढची खोली आणि पुण्यातली तीन हॉटेलं

नातीनं मला पुण्याला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "आज्जी, माझी आवडती हॉटेलं दाखवते तुला." मला वाटलं मिसळ, थालीपीठ असेल. निघाली जपानी, थाई आणि कोरियन.

पहिल्याच दिवशी रिक्षात तिनं खरं सांगितलं. "नोकरी सोडून सांगलीत असलंच एक हॉटेल काढायचंय. माधवनगर रोडच्या घराची पुढची खोली देशील? बाबा म्हणतात, आज्जी म्हणेल तसं."

पुढची खोली म्हणजे माझी खिडकी. कोण कुठं चाललं, कुणी नवी गाडी घेतली, सगळं मला तिथं बसून कळतं. म्हणजे खायचं मीच आणि खोली द्यायची का, ते ठरवायचंही मीच. झोपच उडाली.

परदेशी जेवणात माझी अक्कल किती, ते याच पुण्यात एकदा दिसलं होतं. नवीन लग्न झालेलं, आमचे हे फौजेतून सुट्टीवर आले आणि मला चायनीज खायला घेऊन गेले. मी खंडाळ्याकडची, अंगावर कोरी साडी, डोक्यात भलता शहाणपणा. नूडल्स आल्या तशी मी वेटरला ठणकावलं, "शेवया झ्याक झाल्यात, पण दूध-गूळ कुठाय?" सरहद्दीवर न घाबरणारा माणूस मेनूकार्डामागं लपला.

आता जपानी हॉटेलात भातावर कच्चा मासा आला.

"शिजवायचं विसरलं काय गं?"

"आज्जी, तसाच असतो तो."

"मग आणायला एवढा वेळ का लावला?"

थाई हॉटेलात नारळाच्या दुधाच्या आमटीत गवती चहा. चव लय चांगली, पण चहा पितेय का आमटी, वाटी संपली तरी ठरेना.

कोरियन हॉटेलात जेवणाआधी लहान लहान वाट्या मांडल्या. कोबी, मुळा, मोड आलेलं कायबाय. नातीला फोन आला म्हणून ती बाहेर गेली. पानात टाकायचं नाही ही आमची शिस्त, म्हणून मी वाट्या संपवल्या. वाढणाऱ्या बाईनं लगेच भरून आणल्या. परत संपवल्या, परत आल्या. शेवटी मी वाटीवर दोन्ही हात आडवे धरले. आमच्या पंगतीत याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. तिला वाटलं, म्हातारी आपली वाटी राखतेय. गोड हसून तिनं शेजारी दुसरी ठेवली.

नात आत आली तोवर मला धाप लागलेली.

"अगं, थोडं शिल्लक ठेव! संपवलं की आणतच राहतात."

"पानात टाकू? मी?"

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. फोन माझ्या लेकाचाच होता. काचेतून मी बघत होते, पोरगी येरझाऱ्या घालत हातवारे करून त्याला समजावत होती. एरवी माझ्या ताटातलं उचलून खाणारी, आज तिनं घास घेतला नव्हता.

"काय म्हणतोय तो?"

"विचारतायत, आज्जीचं काय ठरलं."

"यातलं कुठलं काढणार?"

"जपानी," ती हळूच म्हणाली. "तेच शिकलेय मी. शिजवलेलंही असतं त्यात."

तिन्हींतलं नेमकं तेच मला कळलं नव्हतं. सांगलीत कोण खाणार, कुणास ठाऊक. पण पोरगी उपाशी बसलेली मला बघवेना.

"घे खोली. पर खिडकीतली माझी खुर्ची हलायची न्हाई."

"आज्जी, तिथं काउंटर येणार गं."

"मग काउंटरवर मी."

ती भर हॉटेलात गळ्यात पडली आणि मग माझ्या वाटीतलं खायला लागली.

सध्या खोलीला रंग चाललाय. फ्रीजमध्ये काळ्या कागदासारखं काहीतरी ठेवलंय, तेही खायचंच आहे म्हणे. काल शेजारीण फाटकातून ओरडली, "आवं, काय काढताय?"

"हॉटेल!"

"कसलं वो?"

मी लय विचार केला. "उघडलं की तुमीच येऊन खावा," म्हटलं, "आन् मला बी सांगा."