मी मंत्री केलेल्या बाई

पाहुण्यांचा परिचय करून देणं हा आमच्या गावात माझा हक्कच झालाय. कुणी दिला म्हणून नव्हे, माझ्या हातातून माइक काढून घेणं लोकांना अवघड जातं म्हणून. त्यामुळे जर्मनीच्या एक बाई, युरोपच्या संसदेतल्या खासदार, पलूसजवळच्या माझ्या धाकट्या भावाच्या द्राक्षबागेत येणार म्हटल्यावर फेटा, शाल, नारळ आणि मी असे चौघे तयार झालो.

त्यांना आणलं माझ्या पुतणीनं, म्हणजे भावाच्याच मुलीनं. ती शिरवळच्या एका कारखान्यात जर्मन दुभाषी आहे. बाई कारखाना बघायला आल्या होत्या. त्यांचं माहेर द्राक्षवाल्यांचं, म्हणून बाग बघायची इच्छा त्यांनीच बोलून दाखवली. भावाला मात्र हौस नव्हती, गरज होती. गेल्या हंगामात त्याची द्राक्षं युरोपच्या बंदरात अडली होती. एका नमुन्यात फवारणीचा अंश सापडला म्हणे. इथल्या तपासणीत त्याच मालात काही निघालं नव्हतं. पुन्हा तपासा म्हणून तो विनवत राहिला आणि माल तिकडेच वाया गेला. आता ह्या मोसमाचा माल उतरला की बाग उपटून माझ्यासारखा ऊस लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं. जेसीबीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

परिचयासाठी मी पुतणीकडून बाईंची माहिती घेतली. आधी स्वतःच्या गावच्या पंचायतीत, मग दोन निवडणुकांत पडल्या, मग युरोपच्या संसदेत, आणि तिथं वीस वर्षं शेतीच्या समितीवर. मंत्रिपद? एकदाही नाही. मला फार वाईट वाटलं. वीस वर्षं खासदार राहून साधं राज्यमंत्रिपदही नाही, असा पाहुणा लोकांपुढं उभा कसा करायचा? शिवाय पडलेल्या निवडणुका परिचयात घ्यायच्या नसतात. त्या मी गाळल्या, आणि रिकामी झालेली जागा भरून काढत जाहीर केलं, "युरोपच्या कृषिमंत्री."

टाळ्या अशा पडल्या की मी आणखी बराच वेळ बोललो. मी खाली बसतोय तोवर भाऊ उठला.

"मंत्रीणबाई, दुसरं काय बी नगं. आमच्या द्राक्षाची पुन्ना तपासणी करा, असा एक हुकूम काढा. हितंच सही करा."

पुतणी माझ्या कानाशी आली. "काका, ह्या मंत्री न्हाईत."

"म्हाईत हाय. तेवढं गिळ की गं."

"मी कामात खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली आणि सगळंच्या सगळं जर्मनमध्ये सांगून मोकळी झाली. बाई फेट्याखालून माझ्याकडं बघत राहिल्या.

"त्या इचारत्यात, मंत्री का केलंत?"

"सांग, रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसंना."

बाई हसल्या तसा फेटा कपाळावर आला. तो काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि बोलायला लागल्या. वीस वर्षांत आपण कायद्यात एक ओळ घातली, असं त्या म्हणाल्या. लहान बागायतदाराचा नमुना नापास झाला तर त्याला दुसऱ्या तपासणीचा हक्क. ती ओळ आधी समितीत पडली, मग सभागृहात पडली. सहा वर्षांनी पास झाली.

भाऊ पुढं सरकला. "ती वळ आमाला लागू हाय?"

"न्हाई," पुतणी म्हणाली. "तिकडच्याच बागायतदारांना हाय. भायेरच्या मालाचं राहून गेलं, म्हणत्यात."

"मग आता घाला म्हणावं."

"पुन्हा सहा वर्षं लागतील. आणि एकट्या त्यांच्यानं व्हायचं न्हाई. बाग करणाऱ्यांनी समितीपुढं बोलाय पायजे. हितनंच, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोललं तरी चालतं. माणशी तीन मिनिटं."

भाऊ वेलींच्या दोन ओळी पलीकडं गेला, एक घड हातात तोलला आणि खिशातून फोन काढला. "जेसीबी आणू नगंस रं. ...न्हाई, पुढच्या म्हैन्यातबी नगं." मग माझ्याकडं वळला. "दादा, आयुष्यभर लोकांचा येळ खाल्लास. आता कामाचं बोल. मला चार लोकांत बोलाय येत न्हाई. मी घड धरतो."

तेव्हापासून दर रविवारी बागेत तालीम असते. पुतणी फोनवर वेळ लावते. पहिल्या रविवारी तीन मिनिटं संपली तेव्हा मी व्यासपीठावरच्या मान्यवरांचे आभार मानत होतो.

"काका, द्राक्षं आलीच न्हाईत अजून."

मान्यवर काढले. मग आमच्या तालुक्याचा इतिहास काढला. मग आजोबा काढले, ते जरा जड गेलं. भाऊ दर खेपेला घड धरून उभा असतो आणि हात दुखला तरी खाली घेत नाही. त्यामुळे मलाही सोडून देता येत नाही.

गेल्या रविवारी साडेतीन मिनिटांवर आलो. "वरच्या अर्ध्या मिनिटात काय हाय ते बघा," पुतणी म्हणाली. बघितलं. त्यात बाईंचा परिचय होता, आणि त्यात त्या अजून मंत्रीच होत्या.

काढला. भावानं घड पुन्हा वर धरला, आणि मी पहिल्यापासून सुरू केलं.