लाखोरीची भाजी आणि माझा आयएनआर

"लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली आहे," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. आजाराचं नाव बड-चिआरी सिंड्रोम. माझं रक्त नको तिथे गोठत होतं, त्यामुळे लिव्हर सुजलं आणि पोटात पाणी भरलं. आणि मी शहाणी दोन महिने गॅस समजून ओवा चघळत होते!

मी गोंदियाजवळच्या कामठ्याची अंगणवाडी सेविका. गर्भार बायकांना माझा पाठ ठरलेला: हिरव्या पालेभाज्या खा, रक्त वाढतं.

पोटातलं पाणी काढलं, वॉरफरिनची गोळी सुरू झाली. ही गोळी रक्त गोठू देत नाही. दर पंधरा दिवसांनी गोंदियाला आयएनआर तपासायचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा. माझा दोन ते तीनमध्ये हवा. कमी झाला तर नवी गुठळी, वाढला तर रक्तस्राव. मी काय खाते हे मात्र कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

धान निघालं होतं, भाताच्या रिकाम्या बांधीत लाखोरीचा, म्हणजे लाखेच्या डाळीच्या रोपाचा, पाला कोवळा होता. सासूबाई दोन्ही वेळ भरभरून भाजी वाढायच्या. आयएनआर आला एक पॉइंट दोन.

"खाता काय?" गोंदियाच्या डॉक्टरांनी विचारलं. मी फुशारकीनं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के रक्त गोठायला मदत करतं, गोळी नेमकं तेच अडवते.

घरी येऊन मी भाजी पार बंद केली.

"काऊन वं, माह्या हातची भाजी जहर झाली का?" सासूबाई रुसल्या. मी घाबरून भाजीचं पातेलं बाजूला सरकवलं.

काही दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आयएनआर साडेपाच. दवाखान्याच्या बाकावर मी पहिल्यांदा रडले. मुलगी चौथीत होती माझी.

"भाजी सोडा म्हटलं होतं का मी?" डॉक्टर रागावले. "खा, पण रोज सारखीच, त्या मापानंच गोळी ठरवता येते."

सोबत आलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं. तेव्हापासून भाजीला एकच वाटी. "मोजून वाढून राहिली, एक पान जास्त नाई," त्या म्हणतात. त्या वाटीवर मी आजवर तगले आहे.

अंगणवाडीत तोच पाठ अजून देते. फक्त आधी विचारते, गोळी कोणती चालू आहे? तुम्हीही काय खाता, कोणती गोळी घेता, ते डॉक्टरांनी न विचारता सांगत जा.

परवा तिसरा महिना लागलेल्या एका पोरीनं पिशवीतून वॉरफरिनची पट्टी काढली. हृदयाची झडप बदललेली. पोटातल्या बाळाला ही गोळी घातक ठरू शकते, म्हणून तिला तशीच डॉक्टरांकडे घेऊन निघाले.

ऑटोत ती म्हणाली, "मले तं कोणी पुसलंच नाई, मॅडम."