आदी सावल्यो काढ

प्रमिलाताई कुबल. हे नाव आधी लिहून टाकते. मालवणात आज मी ज्या खुर्चीवर बसते ती त्यांच्यामुळे मिळाली, आणि पुढे लिहिता लिहिता माझंच रडगाणं सुरू झालं तर हे राहून जाईल.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली. तालुक्याच्या एका दुकानात जुने कागदी नकाशे संगणकावर गिरवायला शिकले. रेषेवरून माऊस फिरवत जायचं, एवढंच. मग एका ठेकेदाराने आम्हा काही मुलींना मालवणला आणलं. काम संपलं, त्याचा फोन लागेना, बाकीच्या परत गेल्या. मी गेले नाही, कारण घरी माझ्यासाठी मुलगा बघून ठेवला होता. त्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन ऑफिसच्या पायरीवर बसले होते. ऑफिस एका खाजगी सर्वेक्षण कंपनीचं. आतून ताई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"खंयसून इलंस गो?"

मला कळेना.

"जेवलंस?"

हे मात्र कळलं. त्या संध्याकाळी माझं अंथरूण त्यांच्या घराच्या पडवीत पडलं, आणि ऑफिस चालवणाऱ्या सरांना सांगून त्यांनी मला तिथे कामाला लावलं.

त्यांचं घर वाळूच्या पट्ट्यावर, मागे खाडी आणि पुढे समुद्र. घरात ताई आणि त्यांची म्हातारी सासू, जिला सगळे आये म्हणत. नवरा गोव्याला ट्रॉलरवर. मी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. जमिनीवर आडवं झालं की लाटेचा दणका कानाने नाही, पाठीने ऐकू यायचा. मी आयेला विचारलं, "हे रोज असंच वाजतं?"

"आदी लांब होतो," आये म्हणाली. "आता जवळ इलो." एखादा पाहुणा गावच्या वेशीवर दिसावा तसं तिनं ते सांगितलं, आणि सुपारी कातरत बसली.

ऑफिसचं काम होतं किनाऱ्याची धूप मोजायचं. दर वर्षी पावसाळ्याआधी, समुद्र कुठवर आला आणि कोणती घरं धोक्यात आली याची यादी तालुक्याच्या कचेरीत जायची. ती यादी काढायला ताईंनी संगणकावर एक मॉडेल बांधलं होतं. पडद्यावर चौकोनांची माळ, चौकोनाचौकोनात बाण. प्रत्येक चौकोन म्हणजे एक टूल, त्याचं काम एकच. पहिला चौकोन किनाऱ्याच्या नव्या हवाई फोटोवरून पाण्याची रेषा काढणार, दुसरा ती जुन्या रेषेशी ताडून बघणार, तिसरा जमिनीकडे धोक्याचा पट्टा आखणार, शेवटचा त्या पट्ट्यातली घरं वेचणार.

एखादं टूल चालून झालं की त्या चौकोनामागे सावली पडते. सावली म्हणजे काम झालं. ताईंचं सगळं भांडण त्या सावलीशी. सकाळी खुर्चीवर बसल्या की आधी तपासणीचं बटण दाबून साऱ्या सावल्या पुसायच्या आणि मग एकेक चौकोन वेगळा चालवून नकाशावर डोळ्यांनी बघायच्या. मी घाईने म्हणायची, "ताई, हे कालच झालंय." त्या मान वर न करता म्हणायच्या, "आदी सावल्यो काढ, मगे बोल."

मी चुकले की त्या ओरडत नसत. "घाबरा नको. मशीन तुका खायत नाय," एवढंच. माझी धडधड तरी काही कमी व्हायची नाही. नववी नापासाला इथे ठेवलंय, आज ना उद्या कोणाच्या तरी ध्यानात येईल, असं सारखं वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता ऑफिसात नवा संगणक आला. जुन्यावरचं सगळं त्यावर आणलं आणि मॉडेल उघडलं, तर बऱ्याच चौकोनांवर लाल फुल्या. टूल ठेवलेला फोल्डर नव्या जागी गेला होता आणि चौकोन अजून जुन्या जागीच शोधत होते. ताई त्या दिवशी आयेचे डोळे दाखवायला कुडाळला गेल्या होत्या. सरांनी स्वतः बसून प्रत्येक फुलीला नवी जागा दाखवली. फुल्या गेल्या, मॉडेल चाललं, यादी आली. ताईंच्या वाडीतलं एकही घर यादीत नव्हतं.

मी बाहेर जाऊन ताईंना फोन केला. आनंदाने माझा आवाज चढला होता.

"नकाशो बघलंस?" त्यांनी विचारलं. "की फकत यादी?"

दुसऱ्या दिवशी त्या चप्पल न काढताच संगणकापाशी आल्या. नकाशा मोठा केला. पाण्याची रेषा सुरूच्या झाडांच्या पलीकडून, समुद्राच्या बाजूने जात होती.

"हे सुरू खंय आसत आता?"

मला उत्तर ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यातच ती झाडं मुळांसकट आडवी झाली होती. त्यांची लाकडं मी आणि ताईंनीच ओढत चुलीपाशी नेली होती.

त्यांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यावर फुली नव्हती, मागे छान सावली होती. त्यांनी बटण दाबलं. सावली गेली आणि चौकोन पांढराफटक पडला. आतलं टूल त्यालाही सापडत नव्हतं. पण त्याने पूर्वी कधी काढलेली जुनी रेषा तशीच पडून होती, आणि पुढचे सगळे चौकोन तीच घेऊन बिनतक्रार चालले होते.

"शिळो भात वाढलो तरी पुढचे जेवतत," ताई म्हणाल्या. "त्येंका काय कळता?"

मी म्हटलं, "आता दुरुस्त करायचं?" आणि त्या खुर्चीवरून उठल्या.

"तू बस."

"मी? ताई, मला नाही जमणार."

"जमतला. माझो हात लागाक नको. माझा घर आसा थंय. उद्या कोण तरी बोलतलो, प्रमिलान रेषा हवी तशी वळयल्यान."

मी हळूच म्हटलं, "ताई, राहू दे ना असंच. सरांनी बघितलंय. यादी छापूनही झाली."

"दर्याक सरांनी सांगल्यान काय, पलीकडे थांब म्हणान?"

मी बसले. नवी जागा दाखवूनही तो चौकोन पांढराच राहिला, कारण नव्या संगणकातलं टूल थोडं बदललेलं होतं. तो काढून टाकून नवा आणावा लागला, आणि काढताच त्याचे बाण तुटले. कोणता बाण कुठे होता हे आठवेना. यंदाच्या फोटोऐवजी जुना जोडला गेला तर पुन्हा तेच. ताई खिडकीपाशी, पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"ताई, हा बाण इथेच ना?"

"माका इचारू नको. सरांका इचार."

सर शेजारी येऊन बसले. त्यांनी काही सबब सांगितली नाही, माझ्याबरोबर एकेक बाण तपासला. जोडून झाल्यावर मी सगळ्या सावल्या पुसल्या आणि एकेक चौकोन वेगळा चालवला. रेषा उमटली. पडलेल्या सुरूंच्या अलीकडे, पार ताईंच्या घरापुढच्या खळ्याच्या कडेला. मग पट्टा भरला. तुळस, विहीर, मी झोपायची ती पडवी, सगळं लाल.

ज्या घराने मला आत घेतलं ते मी माझ्या हाताने यादीत घातलं होतं.

"इला?" ताईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"हो."

"सगळी वाडी?"

"तुमच्या घरापासून सुरुवात आहे."

"बरा," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी चप्पल काढली.

नोटिसा गेल्या. वाडीत लोक ताईंशी बोलेनासे झाले. शेजारचा, खाडीकडच्या अंगाला राहणारा बाबल कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "प्रमिला, तुझ्या कंपुटरान आमका उठयल्यान मगे गो?"

"माकाय उठयल्यान," ताई म्हणाल्या. "तुझा सामान बांधून झाला काय माझा बांधूक ये."

तो आला नाही. पण पावसाळा लागायच्या आत तोही बायकोमुलांना घेऊन सासरवाडीला गेला. आम्ही तिघी कुडाळला भाड्याच्या खोल्यांत आलो. तिथे सगळं शांत. आये अंथरुणावर बसून राहायची. "हय काय वाजना नाय," म्हणायची. "माका भय वाटता."

श्रावणातल्या उधाणाला कोणीतरी ताईंच्या फोनवर फोटो पाठवला. पडवी नव्हती. तिच्या जागी पाणी होतं, आणि पाण्यात पुढची भिंत अर्धी उभी. ताईंनी तो पाहिला आणि फोन माझ्याकडे दिला. "तुझी उशी थंयच ऱ्हवली होती मगे." त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

तुमचं बरोबर ठरलं, असं वाडीतून कोणी येऊन म्हणालं नाही. ताईंनीही कधी तो विषय काढला नाही. आयेचं दिसणं पुढे अगदीच कमी झालं, तेव्हा ताईंनी नोकरी सोडली. जाताना सरांना सांगितलं, "मॉडेल तिच्याकडे द्या. ती भिता, म्हणान नीट बघता." सरांनी दिलं.

यंदाची रेषा मी काढली. ती घराच्या मागच्या दाराशी आली आहे. खाडीही पलीकडून वाळूचा पट्टा खाते आहे, हे पहिल्यांदाच नकाशावर दिसलं. मी सगळं पुसून पुन्हा चालवलं, तेच आलं. ताईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी विचारलं, "बाबलाक सांगलंस?" घराचं नाव काढलं नाही.

आता त्या माहेरच्या सड्यावर, उंच कातळाच्या माळावर, समुद्रापासून लांब, दोन खोल्यांचं घर बांधायला काढणार आहेत. चिरे सावकाश जमवतायत. मी मनाशी ठरवलंय. त्या घराच्या भिंतींतली एक अख्खी ओळ, चारही बाजूंनी, माझ्या पगाराच्या चिऱ्यांची असेल. ताई नको म्हणतील, रागावतील, चार शब्द ऐकवतील. किती वर्षं लागतील ठाऊक नाही, पण ती ओळ मी घालीन. ट्रकमधून चिरे उतरवायलाही मीच उभी राहीन.