कोळशाशिवाय आलेलं पाणी

त्या मंगळवारी हायड्रोजन जास्त आला. आमच्याकडे एका खाणीतून येणाऱ्या कोळशात तो नेहमी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असायचा, माझ्या वहीत पावणेचार दिसत होता. मी गणित तीनदा केलं. मग वही सरांच्या टेबलावर ठेवली.

बीड जिल्ह्यातल्या त्या छोट्या खासगी प्रयोगशाळेत मला लागून चार महिने झाले होते, अजून कायम व्हायचं होतं. सर मुख्य केमिस्ट. आलेला कोळसा कुटून, चाळून, ताटात पसरून सुकवायचा आणि भुकटी बरणीत बंद करून मला द्यायची, हे काम सगळे ज्यांना मामा म्हणत त्यांचं. मामा घाटनांदूरहून येत. त्यांना ठेकेदाराने पाठवलं होतं, आणि एक तंबी त्यांना आधीच मिळाली होती.

हायड्रोजन थेट हाती लागत नाही. कोळसा जाळला की त्याचं पाणी होतं, आम्ही ते पाणी मोजतो. भट्टीतल्या नळीत, ऑक्सिजनच्या प्रवाहात चिमूटभर भुकटी जाळायची. निघालेली वाफ पुढच्या काचेच्या नळीतले पांढरे दाणे शोषून घेतात. त्या नळीचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं. वाढलं तेवढं पाणी, आणि त्याचा नववा भाग हायड्रोजन. भुकटीत मुळात असलेला ओलावा वेगळा मोजून त्याचा हिस्सा वजा करायचा. बॉयलरवाले या आकड्याची वाट बघत असतात, कारण हायड्रोजनची झालेली वाफ बरीचशी उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. हाती किती उरते, ते त्यावरून कळतं.

सरांनी वही पाहिली. "ओलावा कधी काढला?"

"काल."

"म्हणजे नंतर बरणीचं झाकण सैल राहिलं. या दमट हवेत भुकटी पाणी ओढणारच. ओलावा पुन्हा काढ, कळेल."

मी बरणी आणायला गेले तर ती रिकामी. सरांचा आवाज मामांनी पलीकडून ऐकला होता आणि घाबरून सगळी भुकटी पुन्हा ताटात पसरली होती. "म्हनलं, वाळून जाईल बिचारी," ते म्हणाले. उघड्यावर पसरल्यावर बरणीतला ओलावा किती होता, हे आता तपासता येणार नव्हतं.

"चोराच्या मनात काय असतं ते दिसलं," सर म्हणाले. "उद्या दुपारी ठेकेदाराला फोन करतो. दुसरा माणूस पाठवू दे."

मी तेव्हाही गप्प राहिले. मला एक गोष्ट माहीत होती. ऑक्सिजन भट्टीत जाण्याआधी त्यालाही कोरडं करावं लागतं. त्यासाठी भट्टीच्या अलीकडे तशाच पांढऱ्या दाण्यांची दुसरी नळी असते. त्या नळीतल्या दाण्यांचा ओल धरून गोळा झालेला मी शनिवारीच पाहिला होता. नव्या दाण्यांची बाटली सरांच्या कपाटात, किल्ली सरांकडे. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. इंग्रजी शाळेच्या सवयीने मनात वाक्य आधी इंग्रजीत तयार झालं, मग त्याचं मराठी करेपर्यंत सरांचा पुढचा फोन सुरू झाला होता. मी परत आले आणि काम चालू ठेवलं.

जेवताना मामांनी डबा उघडला. "घ्या म्याडम, शेंगदाण्याची चटणी. तुमच्या इंग्रजी शाळंत आसली दिली न्हाई कुनी." मी चटणी घेतली. त्यांच्याकडे बघता येईना. "कावून एवढ्या गप्प? तुमाला थोडंच काढणारेत," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

बुधवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. भट्टी तापवली. चिनी मातीच्या लांबट वाटीत काहीच न घालता ती आत सरकवली, आणि रोजच्याइतका वेळ ऑक्सिजन सोडला. कोळसाच नाही, तेव्हा पाणी यायला नको. वजन वाढू नये असं वाटत होतं, कारण मग मला काही सांगावं लागलं नसतं. आणि तसं वाटतंय याची भीतीही वाटत होती. नळी तराजूवर ठेवली. काल जेवढं जास्त भरलं होतं, जवळपास तेवढंच वजन वाढलं होतं.

सर आल्यावर मी आकडे त्यांच्यापुढे ठेवले. "झाकणाचा प्रश्न नव्हता, सर. ऑक्सिजन ओला होता. अलीकडचे दाणे संपलेत."

"कधी लक्षात आलं?"

"शनिवारी."

"शनिवारी? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फोनवर होतात."

ते ऐकायला फार वाईट वाटलं, मला स्वतःलाही. सरांनी किल्ली काढली, बाटली माझ्या हातात दिली. "ठेकेदाराला फोन करत नाही. पण हे मालकांना सांगावं लागेल. तुझ्या कायम होण्याचं ते बघतील." मी मान हलवली. अलीकडची नळी उतरवून तीत नवे दाणे भरले.

मामा चाळणीपाशी बसले होते. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, शनिवारचंही. त्यांनी चाळणी थांबवली.

"म्हंजी झाकन घट्टच व्हतं?"

"हो, मामा."

"मला तर पटलंच व्हतं की माज्याच हातून ऱ्हायलं म्हनून," ते म्हणाले. "कारभारनीलाबी तसंच सांगून आलो."