मागं टाकलेलं काम

आमच्या ह्यांच्या नरड्याचं आपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तंबाखूचा मावा खाऊन खाऊन. पोरगी तवा पोटात हुती, सातवा महिना. म्हंजे बापाचा आवाज तिनं ऐकलाच न्हाई. आणि बाप कोण, तर शिवाजी पेठेची फुटबॉल मॅच असली की माईकवर बोलणारा. मैदानाभायेर चहा पिणारा माणूस बी ह्यांचं ऐकून मॅच बघितल्यागत वरडायचा.

त्या मॅचांचे व्हिडिओ ह्यांच्या जुन्या लॅपटॉपात हुते. ते मीच उडवले. पोरीचे फोटो ठेवायला जागा न्हाई म्हणून एक फोल्डर पुसून टाकला. नाव इंग्रजीत हुतं, मी धावी नापास, वाचत कुठं बसतोय!

माझं दीर कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी एक सॉफ्टवेअर लावलं. ते सगळी डिस्क बारीक बारीक वाचतंय आणि पुसलेलं परत काढून देतंय, पण अगदी शेवटी. मधी हातात काय येत न्हाई.

"वैनी, डिस्क मरायला टेकलीया," भावजी म्हणाले. "आणि पंखा तर मेलाच हाय. परशेसर, म्हंजे त्याचा मेंदू, जोरात पळाला की तापणार, तापला की बंद पडणार. म्हणून हे काम मी मागं टाकलंय, पडद्याआड. मागच्या कामासाठी त्यानं पळायचं न्हाई, निस्तं चालत ऱ्हायचं, असं सेटिंग केलंय. चार दिस लागतील, लागूद्यात."

"मग मी काय करू?"

"काय बी करायचं न्हाई. तेच तुमास्नी जमायचं न्हाई बघा."

पयल्याच दिवशी थंड ऱ्हावा म्हणून मी लॅपटॉपला ओलं फडकं गुंडाळायला गेलो, तर भावजी केवढ्यांदा वरडले, "वैनी, ताकाचा गडू हाय व्हय त्यो?"

मला बघितल्याबिगर ऱ्हावंना. भाकरी थापता थापता उठायचो, पिठाच्या हातानं बघायचो. बारा टक्के. तेरा. परत तेराच. शंभर व्हायच्या आधी डिस्क मेली तर? तिसऱ्या दिवशी दुपारी एकसष्ट टक्के, आणि आतनं टिक टिक आवाज यायला लागला. पोरगी कडेवर. पडद्यावर सापडलेल्या व्हिडिओंची बारकी बारकी चित्रं दिसत हुती. एकात मैदान, कडंला माईक धरलेला हात. ह्यांचाच. म्हटलं एकदाच, एकच वाक्य तिला ऐकवतो, मग काय व्हायचं ते हुंदे. दाबलं.

पडद्यावर चाक गोल फिरायला लागलं. निस्तंच गोल. खाली हात लावला तर तव्यागत. बंद करायला गेलो तर बाण हलंना, मी हे दाब, ते दाब, पोरगी रडायला लागली, आणि पडदा काळा झाला.

भावजी दुकानातनं पळत आले. चालू केलं. कट कट कट, मग गप. चारदा केलं.

"उघडलंसा काय?"

"न्हाई."

"वैनी."

"एकच उघडला हो, एकच."

ते खालीच बसले. "तुमी पुढं कायतरी उघडलं की परशेसरला वाटलं घाईचं काम आलं, सुटला पळत. मग मागचं बी त्याच्यासंगं पळालं, तापून सगळंच बंद पडलं." पुढं म्हणाले, "त्या दणक्यानं डिस्क गेली, आता दिसंना. संपलं."

हे कॉटवर बसून सगळं ऐकत हुते. मोबाईलवर लिवलं आणि माझ्यापुढं धरलं. 'रडू नको. मी कसा बोलायचो ते तू सांग तिला.'

मी पोरीला मांडीवर घेतलं. "हां मंडळी, चेंडू घेतला डाव्या बगलेनं..." आवाज पार चिरका, दम पुरंना. ह्यांनी हातानं खूण केली, पुढं, पुढं. पुढचं मला येईना. इतकी वर्सं ऐकलं, घरात, मैदानात, आणि एक वाक्य ध्यानात न्हाई. "डाव्या बगलेनं," मी परत म्हणालो. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत बसली हुती. ह्यांनी हळूच हात खाली घेतला.