मी पुसायला लावलेला बांध

माझ्या नातीला परिमिती मोबाईलवर शिकवतात. पडद्यावर एक मुंगी आयताच्या कडेकडेनं चालते, चारी बाजूंची बेरीज होते, टाळ्या वाजतात. मुंगीला ना शेजारी, ना भाऊबंद. तिचं बरं चाललंय.

मी शिकवायला लागले तेव्हा साताऱ्याहून थेट आष्टा-शिराळ्याच्या मधल्या एका गावात, चौथीच्या वर्गावर जाऊन पडले. डी.एड.ला पहिला वर्ग, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये स्वतःच्या रंगीत खडूंची पेटी. या गावाला शहाणं करायलाच आपल्याला धाडलंय, याबद्दल मला शंका नव्हती. उदाहरणं मुलांच्या आयुष्यातली द्यावीत, हे कॉलेजात शिकले होते. कुठली देऊ नयेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गातली सगळ्यांत हुशार दोन मुलं एकाच बाकावर बसायची. एक मुलगी, एक मुलगा, चुलत-चुलत भावंडं. दोघांच्या घरचा ऊस एकमेकाला लागून. मी फळ्यावर दोन आयत शेजारी शेजारी काढले. हे हिचं शेत, हे याचं, आणि मधला बांध लाल खडूनं. दोन्हींची परिमिती निघाली. मग मी विचारलं, दोन्ही मिळून एकच शेत धरलं आणि बाहेरून चक्कर मारली, तर मधल्या बांधावरून जावं लागेल का? सगळे म्हणाले, न्हाई.

"मग तो धरायचाच नाही. पुसून टाक," मी मुलीला म्हटलं.

तिनं फडक्यानं बांध स्वच्छ पुसला. वर्ग एकदम गप्प झाला. पोरांना समजलं बरं का, असं वाटून मी खूश.

दुसऱ्या दिवशी तो बाक रिकामा.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावून सांगितलं, त्या बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं मुलांच्या जन्माआधीपासून बंद आहे. एकजण नांगरताना वीतभर कोरतो, दुसरा पुढच्या साली वीतभर परत घेतो. मुलं एका बाकावर बसतात हे दोन्ही घरांनी आजवर न पाहिल्यासारखं केलं होतं. आता मुलाच्या घरी कळलं होतं की मुलीनं बांध पुसला, आणि मुलीच्या घरी की बाईंनी तिला फसवून पुसायला लावला. फौजेतल्या एका काकानं तर सीमेवरून फोन करून विचारलं होतं, ही बाई नक्की कुणाच्या बाजूची? दोन्ही मुलांची शाळा बंद.

मी एवढी शहाणी, की त्यांच्या घरी जाऊन परिमिती समजावून सांगणार होते. तेवढ्यात दोघांच्या आज्याच शाळेच्या व्हरांड्यात आल्या. सख्ख्या जावा. एक या खांबाला टेकली, एक त्या खांबाला, तोंडं दोन दिशांना. मी सुरू केलं, की बाहेरची कड तेवढी धरायची, आतली धरायची नाही.

"आतली का न्हाई? ती काय फुकटची हाय?" मुलीची आजी म्हणाली.

"भांडणं तर समदी आतल्याच कडंला," मुलाची आजी पटांगणाकडं बघत म्हणाली.

"हिला काय ठावं. हिनं शेत बघितलं आसंल ते कुंडीतलं."

"साडी बगा की. चिखलात पाय घातला न्हाई कवा."

इतक्या वर्षांत त्या दोघींचं कशावर एकमत झालं असेल तर ते माझ्यावर. साडीवरून त्या माझ्या उंच टाचांच्या चपलेवर आल्या, तिथून माझ्या आईच्या वळणावर, आणि बोलण्याच्या नादात एकाच खांबाला येऊन टेकल्या. हेडमास्तर पाणी आणतो म्हणून गेले, ते आलेच नाहीत.

शेवटी दोघींनी निकाल दिला. पोरं येतील, पण गणिताच्या तासाला आमी बसणार.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी पोतं टाकून दोघी बसल्या. मध्ये मिश्रीची डबी. मुलं आपल्या बाकावर, हसू दाबत. मी एक त्रिकोण काढला, कुणाच्याच मालकीचा नसलेला. दोघींनी डोळे बारीक करून पाहिला.

"तिन्ही बाजू हायत न्हवं?" एकीनं विचारलं.

"आहेत."

"फडकं कुठाय?"

मी फडकं नेऊन दिलं. तिनं ते घडी करून आपल्याखाली घेतलं आणि त्यावर नीट बसली.

"हां. शिकवा आता."