मानेचे पहिले दोन मणके

मिलिंदला जाऊन महिना उलटला. त्या सकाळी मी दवाखान्यात निघायच्या तयारीत असताना त्याच्या बायकोचा, सुजातावहिनींचा फोन आला. "शकीलभाऊ, हे उठूनच नाही राह्यले..." एवढंच त्या बोलल्या. झोपेतच हृदय थांबलं होतं. तो मणक्यांचा सर्जन, मी भूलतज्ज्ञ. तो उंद्रीचा, मी अमडापूरचा. चिखलीत अकरावीला एका बाकावर बसलो आणि पुढे बुलढाण्यात एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये उमर काढली. मेडिकलला असताना पुण्याकडची मुलं आमच्या बोलीला हसायची. मी शब्द गिळायचो, हा मुद्दाम मोठ्यानं "काऊन बे?" म्हणायचा.

मानेतले सगळ्यात वरचे दोन मणके हे त्याचं खास काम. ते सैल झाले की मज्जारज्जू चेपतो, म्हणून स्क्रूनं जखडावे लागतात. त्याच्या दोन रीती. जुन्या रीतीत दर बाजूला एकच लांब स्क्रू खालच्या मणक्यातून तिरपा वरच्यात जातो. पकड भक्कम, पण मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अगदी खेटून. नव्या रीतीत दोन्ही मणक्यांत वेगवेगळे स्क्रू आणि त्यांना मागून जोडणारी सळी. त्या रक्तवाहिनीचा धोका थोडा कमी, पण बारीक शिरांच्या जाळ्यातून रक्त फार येतं. मिलिंदचा हात जुन्या रीतीवर बसलेला होता.

लोणारच्या शोभाताई शिवणकाम करायच्या. जिन्यावरून पडल्या, दुसऱ्या मणक्याचं मोडलेलं हाड जुळलंच नाही, हातांना मुंग्या येऊ लागल्या. स्कॅनमध्ये डावीकडची रक्तवाहिनी जरा वर सरकलेली दिसत होती. मिलिंद बराच वेळ पाहत राहिला. "तिरपा स्क्रू बसते," म्हणाला. उजवा स्क्रू नीट बसला. डावीकडे ड्रिल मागे घेतलं आणि लालभडक रक्त उसळलं. त्यानं त्याच भोकात स्क्रू फिरवला, रक्त थांबलं. मान जुळून आली, पण मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडलं होतं. शोभाताईंचा डावा हात थरथरू लागला, आणि त्या डावखुऱ्या.

मिलिंद त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला. "ताई, दुसऱ्या रीतीनं केलं असतं तर कदाचित हात वाचला असता. तिथं मी चुकलो."

शोभाताईंनी डावा हात उजव्या हातानं धरला. मग म्हणाल्या, "माह्या सुईचं काय आता, डॉक्टरसाहेब?"



त्यानंतर पन्नाशीत तो आपल्याहून लहान सर्जनच्या शेजारी उभा राहून नवी रीत शिकला. पण जुनीला त्यानं कधी नावं ठेवली नाहीत. कोणती चांगली, असं विद्यार्थ्यांनी विचारलं की म्हणायचा, "कोणाच्या मानेत?" दोन्ही रीतींनी केलेल्या आपल्या पेशंटचं पुढे काय झालं, हे त्याला एकदा मांडून लिहायचं होतं. "पहिलं शोभाताईचंच लिहीन बे, नाही तं बाकीचं खोटं." ते राहून गेलं. एकदा आम्ही दोघं लोणारला त्यांना भेटायला निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी वळवली. "काय तोंड घेऊन जाऊ?"

तो गेल्याचं मीच शोभाताईंना फोन करून सांगितलं. "एकदा येऊन जायले पाह्यजे होतं त्यायनं," म्हणाल्या. "मी काही बोलले नसते. चहा केला असता..."

गेल्या आठवड्यात तसंच एक ऑपरेशन होतं, सर्जन नवे. भूल दिल्यावर पेशंटला पालथं करावं लागतं. तेव्हा मिलिंद त्याचं डोकं आपल्याच दोन तळव्यांत धरायचा आणि त्या झोपलेल्या माणसाला हळूच सांगायचा, "पलटवतो बरं का." त्यावरच आम्ही सगळे मिळून वळवायचो. नव्या सर्जननं डोकं धरलं, मी श्वासाची नळी सांभाळली, सिस्टर आणि वॉर्डबॉय दोन्ही बाजूंना उभे राहिले. पण कोणीच हलेना. सर्जननं चकित होऊन आमच्याकडे पाहिलं.

शेवटी ते मीच म्हणालो.